दिवाणखान्यांतील रोम

युरोपांत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दोन वर्षांपूर्वीं मला एक मातीचा दिवा भेट म्हणून पाठविला. दिवा तळहातावर मावेल एवढा. रंग विटकरी, पोट वाटोळें व चपटें, मध्यें तेल ओतण्यास लहानसें भोंक आणि पुढें वातीसाठीं चोच. उलटा करून पाहिला तर तळाशीं उठावाच्या रोमन अक्षरांत ‘फॉर्टिस’ असें नांव. सोबत विक्रेत्याची एक चिठ्ठी होती. तींत एवढेंच लिहिलें होतें : ‘रोमन, इसवी सनाचें पहिलें किंवा दुसरें शतक, एका जुन्या खासगी संग्रहांतून.’ ज्यानें आयुष्यभर वर्गांत रोमचा इतिहास शिकविला, पण रोम पाहिलें तें बहुतेक पुस्तकांतूनच, अशा माणसाला या दिव्यानें काय आनंद झाला असेल हें सांगावयास नको. गिबन आणि मॉमसेन यांच्या ग्रंथांशेजारीं, कपाटाच्या कांचेमागें, मीं त्याची स्थापना केली; आणि घरीं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास, चहा येण्यापूर्वींच, तो दाखवूं लागलों.

एके दिवशीं असेंच व्याख्यान चाललें असतां, रोमन लोक मृतांच्या थडग्यांतहि असे दिवे ठेवीत, असें मी बोलून गेलों. पाहुणे गेल्यावर आमच्या घरांतून प्रश्न आला, “मग हा कुणाच्या घरांतला? कीं थडग्यांतला?” तें सांगतां येत नाहीं, असें मीं कबूल केलें. “इतकीं वर्षें शिकवलंत, आणि दारांत आलेल्या पाहुण्याचं गांव सांगतां येत नाहीं? थडग्यांतला असेल तर तो या घरांत नको.”

प्रथम मी हंसलों. परंतु रात्रीं कपाटापुढें उभा राहिलों तेव्हां लक्षांत आलें कीं, हा प्रश्न केवळ सोंवळ्या-ओंवळ्याचा नव्हे. इतिहासाचा पहिला प्रश्न तोच आहे. दिव्यावरील नांवहि माझ्या मदतीस येईना. फॉर्टिस हा उत्तर इटलींतील दिवे करणारा कारखानदार. त्याचा माल इतका खपला कीं साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुंभारांनीं त्याच्या दिव्यांवरून साचे घेतले, आणि साच्याबरोबर त्याचें नांवहि उचललें. म्हणजे नांव इटलीचें असलें तरी माती कोठलीहि असूं शकेल. तो जेथें सांपडला ती जागा कोणी लिहून ठेविली असती, तर तो घरचा कीं थडग्याचा, कोणाच्या काळचा, कोणत्या वस्तूंच्या संगतींतला, हें सारें कदाचित् कळलें असतें. तो जमिनींतून निघाला त्या दिवशीं ही माहिती त्याच्यापाशीं होती. माझ्या कपाटांत येईपर्यंत ती वाटेंत कोठेंतरी सांडली.

रोमन वस्तू घरांत मांडण्याची ही हौस माझ्यासारख्या किरकोळ माणसांनीं काढलेली नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील धनिकवर्गांत ती साथीसारखी पसरली होती, आणि त्या वर्गाचा शिरोमणि म्हणावा असा गृहस्थ म्हणजे चार्ल्स टाऊन्ली. त्याची हकीकत मीं पूर्वीं अनेक वेळां वाचली होती. परंतु वरील प्रश्न कानांत घुमत असतां ती पुन्हां वाचली, तेव्हां ती मला निराळीच दिसली.

टाऊन्लीचा जन्म १७३७ सालीं लँकशायरमधील एका जमीनदार घराण्यांत झाला. घराणें कॅथॉलिक असल्यामुळें त्या काळच्या कायद्याप्रमाणें इंग्लंडांतील विद्यापीठांचीं व सरकारी अधिकाराचीं दारें त्याला बंद होतीं. त्याचें शिक्षण फ्रान्समध्यें झालें. ज्याला स्वदेशांत सार्वजनिक आयुष्य नाहीं, पण पैसा व बुद्धि दोन्ही आहेत, अशा तरुणानें मनाला आसरा शोधावा, आणि तो त्याला प्राचीन रोमांत सांपडावा, यांत नवल नाहीं. १७६७ सालीं तो प्रथम इटलीस गेला, आणि पुढें आणखी दोनदां. रोममध्यें त्या वेळीं दोन इंग्रजी बोलणारे मध्यस्थ प्रबळ होते. गॅव्हिन हॅमिल्टन हा स्कॉटलंडचा चित्रकार, उत्खननें करून मूर्ति काढी. आणि टॉमस जेंकिन्स हा सावकारी व पुराणवस्तूंचा व्यापार दोन्ही करी. मूर्ति निघत त्या बहुधा मोडक्या असत. त्यांना नवीं नाकें, नवे हात, क्वचित् नवीं डोकींहि बसवून देणारे कारागीर रोममध्यें पुष्कळ होते. कारण इंग्लंडांतील यजमानास दिवाणखान्यांत अखंड पुतळा हवा असे, धड नव्हे. पोपच्या सरकारचे निर्यातीवर निर्बंध असत. पण ज्याला गरज आहे तो वाट काढतोच. हॅमिल्टननें ऑस्टिया येथें खणून काढलेली टाऊन्लीची प्रसिद्ध व्हीनस मुळांतच संगमरवराच्या दोन खंडांची. ते दोन खंड वेगवेगळे करून इंग्लंडास रवाना झाले.

लंडनमध्यें वेस्टमिन्स्टर भागांत, पार्क स्ट्रीटवर ७ क्रमांकाचें घर टाऊन्लीनें या मूर्तींसाठींच घेतलें. त्याला बायको-मुलें नव्हतीं. घरांतलीं माणसें म्हणजे मूर्तिच. दिंडी-दरवाज्यांत उठावाचीं शिल्पें, जिन्यावर शवपेटिकांचे तुकडे, जेवणघरांत स्तंभांच्या मधून देवदेवतांचे पुतळे अशी मांडणी होती, आणि १७९४ च्या सुमारास काढलेल्या जलरंगी चित्रांत ती आजहि पाहावयास मिळते. रविवारीं तो मित्रांना जेवावयास बोलावी. मूर्ति पाहावयास येणाऱ्या अनोळखी लोकांनाहि तो दार उघडून देई, आणि त्यांच्या हातीं देण्यासाठीं त्यानें स्वतः लिहिलेल्या याद्या तयार ठेविल्या होत्या. लंडनमध्यें सार्वजनिक कलासंग्रह जवळजवळ नव्हतेच, त्या काळीं हें घर म्हणजे एक विनामूल्य शाळाच होती, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

या घराचें सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र जलरंगाचें नव्हे, तर योहान झोफनीनें १७८१ ते १७८३ या काळांत काढलेलें तैलचित्र. टाऊन्ली आपल्या ग्रंथालयांत खुर्चीवर बसला आहे, पायाशीं कुत्रा आहे, तिघे मित्र चर्चेंत गढले आहेत, आणि सभोंवतीं मूर्तींची अशी दाटी झाली आहे कीं माणसें पाहुणीं आणि मूर्ति यजमान वाटाव्यात. वस्तुतः इतक्या मूर्ति त्या खोलींत कधींच नव्हत्या. घरभर विखुरलेला संग्रह चित्रकारानें एका खोलींत गोळा केला. चित्र खोटें आहे, पण टाऊन्लीचें मन जसें होतें तसें तें बरोबर दाखवितें.

त्या चित्रांत टेबलावर एका तरुण स्त्रीची अर्धप्रतिमा आहे. कमळासारख्या पाकळ्यांतून ती वर आली आहे, मान किंचित् कलली आहे. टाऊन्ली तिला क्लायटी म्हणे. १७७२ सालीं नेपल्सच्या एका सरदार घराण्याकडून त्यानें ती विकत घेतली होती. १७८० च्या जून महिन्यांत लंडनमध्यें कॅथॉलिकांविरुद्ध भयंकर दंगे उसळले, घरें व प्रार्थनामंदिरें जाळलीं जाऊं लागलीं, तेव्हां टाऊन्लीच्या घरावरहि जमाव येणार अशी वार्ता आली. सर्व संग्रह हलविणें अशक्य होतें. तेव्हां त्यानें रत्नांची पेटी घेतली, आणि ‘आपल्या पत्नीला’ सोडून जातां येत नाहीं असें म्हणून क्लायटीला गाडींत ठेवून तो निघाला, अशी आख्यायिका सांगतात. सुदैवानें घर वांचलें. ही गोष्ट वाचून पूर्वीं मी हंसत असें. आतां हंसूं येत नाहीं. ज्या माणसाला धर्मामुळें आपल्याच देशांत उपऱ्याप्रमाणें राहावें लागलें, त्याच्या घरावर दंगेखोर येत असतां त्यानें छातीशीं धरलें तें एक परक्या देशांतलें, पंधरा-सतरा शतकांपूर्वींचें मुख. संग्राहकाच्या प्रेमाला लोभ म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण तें प्रेम असतें, हें आधीं मान्य केलें पाहिजे.

आणि प्रेम असतें म्हणूनच तें फसतें. टाऊन्लीच्या संग्रहांतील थाळीफेक्याचा पुतळा याचें उत्तम उदाहरण आहे. ग्रीक शिल्पकार मायरॉन यानें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत थाळी फेंकणाऱ्या खेळाडूचा ब्राँझचा पुतळा केला. मूळ पुतळा नाहींसा झाला. रोमन काळांत संगमरवरांत केलेल्या त्याच्या प्रति मात्र राहिल्या. टिव्होली येथें बादशहा हेड्रियनच्या विस्तीर्ण बागवाड्यांत १७९० च्या सुमारास अशी एक प्रत निघाली, आणि जेंकिन्सनें ती ४०० पौंडांस टाऊन्लीस विकली. डोकें धडापासून तुटलेलें होतें तें जोडून दिलें होतें, आणि त्याची दृष्टि खालीं जमिनीकडे होती. परंतु त्यापूर्वींच, १७८१ सालीं, खुद्द रोममध्यें याच पुतळ्याची दुसरी प्रत सांपडली होती. तिचें डोकें धडाशीं अभंग होतें, आणि तो खेळाडू मागें वळून हातांतील थाळीकडे पाहत होता. टाऊन्ली जाणता होता. त्याला शंका आली, त्यानें विचारणा केली. जेंकिन्सनें खात्री दिली कीं डोकें याच पुतळ्याचें आहे. टाऊन्लीनें अखेर ती खात्री मान्य केली. तें डोकें त्या धडाचें नव्हे, दुसऱ्याच पुतळ्याचें आहे, हें आज सर्वमान्य आहे. पण पुतळा ब्रिटिश म्युझियममध्यें अजून त्याच डोक्यानें उभा आहे आणि अजून भलत्याच दिशेला पाहत आहे. एवढ्या विद्वान माणसानें असें कां मानलें? उत्तर एकच दिसतें. पुतळा घरांत आला होता, जेवणघरांत उभा राहिला होता, पाहुण्यांनीं वाहवा केली होती. मनांतून त्याचें डोकें उतरवून ठेवण्याचें धैर्य मग कोणाला होणार? माझ्या दिव्यावरील ‘जुन्या खासगी संग्रहांतून’ हे शब्द मीं कसे एका घोटांत गिळले, तें मला आठवलें.

रोमन लोकांची बाजू मांडावयाची तर ते तरी काय करीत होते? ख्रिस्तपूर्व १४६ मध्यें रोमन सेनेनें कॉरिंथ लुटलें आणि ग्रीक कलाकृतींचे ढीग रोमला आले. त्यानंतर ग्रीक पुतळा दारीं असणें हें रोमन श्रीमंतीचें लक्षण ठरलें. मूळ पुतळे पुरेनात तेव्हां प्रतींचे कारखाने निघाले. ज्या सिसरोनें ख्रिस्तपूर्व ७० मध्यें, सिसिलींतील देवळें व घरें यांतील मूर्ति लुबाडणाऱ्या व्हेरीझ या सुभेदारावर खटला चालवून कीर्ति मिळविली, तोच सिसरो पुढें दोन-चार वर्षांत आपल्या टस्क्युलमच्या वाड्यासाठीं ग्रीसहून पुतळे पाठवावे म्हणून अटिकस या मित्रास अधीर पत्रें लिहितांना दिसतो. सिसरो दाम मोजीत होता, आणि व्हेरीझ मोजीत नव्हता किंवा नाममात्र मोजीत होता, हा फरक लहान नाहीं. तरी हांव एकाच जातीची. म्हणजे टाऊन्लीचा थाळीफेक्या हा ग्रीक कल्पनेचा, रोमन हातांचा, एका रोमन बादशहाच्या संग्रहांतून निघून एका इंग्रज जमीनदाराच्या जेवणघरांत येऊन बसलेला. संग्राहकाच्या घरांतून संग्राहकाच्या घरांत, असा हा प्रवास आहे.

येथवर ही गोष्ट दूरदेशची वाटेल. परंतु पार्क स्ट्रीटवरील त्या घरांत, रोमन देवतांच्या गर्दींत, आपल्या बाजूचा एक दगडहि होता. कंबरलँड या जहाजाचा कप्तान अलेक्झांडर ॲलन यानें मुंबईजवळच्या घारापुरीचा म्हणून एक शिल्पाचा तुकडा १७८० नंतरच्या दशकांत इंग्लंडास नेला आणि तो टाऊन्लीच्या हातीं आला. त्यावरील विषय शृंगारिक. त्यामुळें टाऊन्लीचा मित्र रिचर्ड पेन नाइट यानें प्राचीन प्रजननपूजेवरील आपल्या १७८६ च्या ग्रंथांत त्याचा उपयोग केला. ग्रीक, रोमन आणि हिंदु धर्मांच्या मुळाशीं एकच पूजा आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. तुकड्याला स्वतःचें देऊळ असतें, शेजारच्या मूर्ति असत्या, समग्र भिंत असती, तर तो काय सांगतो हें त्याला विचारतां आलें असतें. एकटा, परक्याच्या घरांत उभा राहिल्यावर तो यजमानाला हवें तें सांगूं लागला. पर्यटक म्हणून घारापुरीस गेलेल्या आपल्यापैकीं प्रत्येकानें तेथील भग्न मूर्ति पाहून हळहळ व्यक्त केली असेल. अशा भग्नतेंतून सुटलेला तुकडा दूरच्या दिवाणखान्यांत कोणतें आयुष्य जगतो, याचा विचार मात्र आपण क्वचित् करतों.

टाऊन्ली ३ जानेवारी १८०५ रोजीं वारला. आपल्या मृत्युपत्रांत त्यानें एक अट घातली होती : वारसांनीं संग्रहासाठीं किमान ४,५०० पौंड खर्चून दालन बांधावें; तें न झाल्यास संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे जावा. वारसांना तें साधलें नाहीं. शेवटीं पार्लमेंटनें २०,००० पौंड मंजूर करून त्याच सालीं संगमरवरी मूर्ति म्युझियमसाठीं घेतल्या, आणि १८०८ सालीं त्यांच्यासाठीं नवें दालन उघडण्यांत आलें. ब्राँझच्या वस्तू, नाणीं, रत्नें, रेखाटनें इत्यादि १८१४ सालीं आणखी ८,२०० पौंडांस घेतलीं गेलीं. पार्क स्ट्रीटचें घर आज दुसऱ्या नांवाच्या रस्त्यावर उभें आहे. त्यांतलीं ‘माणसें’ गेलीं. टाऊन्लीविषयीं न्यायानें बोलावयाचें तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, तो केवळ खरेदीदार नव्हता. कोणती मूर्ति कोठें निघाली, कोणाकडून घेतली, काय दाम पडला, कोणता भाग नवा, याचीं टिपणें तो ठेवी. त्याचीं पत्रें व कागदपत्रें अभ्यासकांना आज म्युझियमच्या दप्तरांत मिळतात. त्याच्या चुका आपल्याला दाखवितां येतात त्या पुष्कळशा त्यानेंच ठेविलेल्या कागदांच्या आधारें. ज्यानें आपल्याविरुद्धचा पुरावा जपून ठेविला, त्याच्यावर निकाल देतांना आवाज थोडा खालचा ठेवावा.

वस्तूला पत्ता असला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण योगायोगानें उलट दिशेचें आहे. तें रोमन घरांत मांडलेल्या भारतीय वस्तूचें आहे. १९३८ सालीं पाँपेई येथें एका मध्यम प्रतीच्या घरांत हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ति सांपडली. अंगावर अलंकारांचा भार, दोन्ही बाजूंस छोट्या परिचारिका. घडण निःसंशय भारतीय. पाँपेई इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलें. म्हणून ही मूर्ति त्या सालापूर्वीं इटलींत पोंचली होती, हें एका क्षणांत सिद्ध झालें. तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ति आपल्याकडे भोकरदन आणि तेर येथें सांपडल्या आहेत. त्यावरून ती दख्खनच्या कारागिरांच्या हातची असावी, असें अनेक विद्वान मानतात. हीच मूर्ति एखाद्या व्यापाऱ्याच्या कपाटांतून ‘जुन्या खासगी संग्रहांतून’ म्हणून निघाली असती, तर ती एक सुंदर खेळणें ठरली असती. जागा ठाऊक होती म्हणून ती दोन जगांमधील व्यापाराची साक्षीदार झाली; आणि त्या घराला तर ‘भारतीय मूर्तीचें घर’ हेंच नांव पडलें.

तेरचें नांव आलें, तेव्हां तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांचें स्मरण झाल्याशिवाय राहात नाहीं. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासग्रंथांत उल्लेखिलेलें तगर. तेथून गाड्यांनीं माल भडोचला जाई आणि तेथून पश्चिमेच्या समुद्रावर. लामतुरे हे त्या गांवचेच रहिवासी. गांवच्या पांढरींतून पावसाळ्यांत उघडीं पडणारीं मातीचीं खेळणीं, मणी, मूर्ति, रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातींत घडविलेलीं पदकें हीं त्यांनीं वेंचलीं आणि आपल्या घरांत जपलीं. टाऊन्लीसारखी दौलत त्यांच्यापाशीं नव्हती, रोममध्यें मध्यस्थ नव्हते. पण एक गोष्ट त्यांच्या संग्रहांत होती ती पार्क स्ट्रीटच्या थाटांत नव्हती : त्यांतल्या वस्तूंचें गांव एकच होतें, आणि संग्रह त्या गांवांतच राहिला. उत्खननाच्या शास्त्राप्रमाणें कोणत्या थरांतून काय निघालें ही नोंद तेथेंहि नाहीं, हें खरें. तथापि घर आणि माती यांची ताटातूट झाली नाहीं. आज तो संग्रह त्यांच्या नांवानें तेर येथेंच शासकीय संग्रहालयाच्या रूपानें उभा आहे.

आतां कायदेहि बदलले आहेत. १९७० सालीं युनेस्कोनें चोरट्या निर्यातीविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार केला. आपल्याकडे १९७२ चा पुराणवस्तु कायदा आला, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूची निर्यात खासगी माणसास बंद झाली. कायदा चोराचा हात धरील; पण सज्जनाच्या कपाटांतील समाधान त्याला दिसत नाहीं. एक ग्राहक न विचारतां दाम देतो, म्हणून दुसरीकडे कोणी रात्रीं कुदळ घेऊन शेतांत उतरतो. आणि दिव्याभोंवतालची राख, हाडें, खापऱ्या बाजारांत खपत नाहींत, म्हणून त्या तेथेंच उधळल्या जातात. माझा दिवा असाच आला असें मी म्हणत नाहीं. तसा आला नाहीं, असेंहि मला म्हणतां येत नाहीं.

मीं विद्यार्थ्यास पत्र लिहिलें. त्यानें बिचाऱ्यानें दुकानदाराकडे चौकशी केली. उत्तर आलें तें चिठ्ठींतलेंच होतें. परत करावा, तर तो पुन्हां त्याच बाजारांत जाणार. एखाद्या महाविद्यालयास द्यावा असें मनांत आहे. पण तेथेंहि मुलांना मी काय सांगणार, याची पूर्वतयारी म्हणूनच हा लेख झाला, असें समजावें. तूर्त मीं एवढेंच केलें आहे : एका कागदावर तो कोणाकडून, कोणत्या तारखेस, कोणत्या चिठ्ठीसह आला तें लिहिलें, खालीं ‘सांपडल्याचें ठिकाण’ असा रकाना घालून तो कोरा सोडला, आणि कागद दिव्याखालीं ठेविला. पाहुणे आले म्हणजे हल्लीं मी तो कागद आधीं वाचावयास देतों.

दिवाळींत आमच्या घरांतून पणत्या लागल्या, तेव्हां दिवा कपाटांतच होता. आमच्या घरांत तो राहावा कीं नाहीं, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.